सव्वीस साथी, सव्वीस माल

दम्याची साथ आली असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. साथ पटकीची येते, गोवराची येते, डोळ्यांची येते. दमा हा ज्याचा त्याचा रोग. आजोबांकडून आलेला, उशाशी बाळगलेला, घरातल्यांना सवयीचा झालेला. परंतु स्पेनच्या बार्सिलोना शहरात १९८१ पासूनच्या काही वर्षांत अशा सव्वीस साथींची नोंद आहे. शहर नेहमीसारखे चाललेले असे आणि एखाद्या दिवशी काही तासांत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात धापा टाकणाऱ्या माणसांची रीघ लागे. त्यांत बहुतेक प्रौढ स्त्रीपुरुष होते. काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागे, काही दगावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारे शांत. नंतर काही आठवडे, कधी काही महिने, काहीच नाही. मग असाच आणखी एक दिवस.

या सव्वीस दिवसांचा उलगडा कसा झाला ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली ती एका जुन्या वैद्यकीय नियतकालिकाच्या छायाप्रतीत. वैद्यक मी शिकलेलो नाही. एका आडत दुकानाचे हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली, आणि उरलेल्या वेळात जुने कागद वाचण्याचा नाद लागला. त्या लेखाने मला धरून ठेवले याचे कारण असे, की त्या रोगाचे मूळ शेवटी स्टेथोस्कोपने सापडले नाही, दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्याने सापडले. आणि दुसरे कारण म्हणजे, त्यातला अपराधी माझ्या रोजच्या ओळखीचा निघाला.

दमा किंवा फुप्फुसांचा कुठलाही जुनाट विकार असणाऱ्याला डॉक्टर दोन गोष्टी सांगतात: तुमचा त्रास कशाने उसळतो ते ओळखा, आणि ते टाळा. हल्ली त्याला ट्रिगर म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘निमित्त’ हा छान शब्द आहे. रोग आधीपासून आत असतो, निमित्त बाहेरून येते. आयुर्वेदात तर ‘निदान’ याचा मूळ अर्थच कारण असा आहे, आणि कारण टाळणे, म्हणजे निदान-परिवर्जन, ही चिकित्सेची पहिली पायरी मानली आहे. सल्ला पुरातन आहे आणि बरोबरही आहे. मात्र ओळखायचे कोणी आणि टाळायचे कोणी, हे दोन प्रश्न त्यात मोकळे सुटतात. या विकाराचा इतिहास चाळताना मला सारखे जाणवत गेले, की सगळी गोम या दोन प्रश्नांत आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतरावा अध्याय उचकी आणि श्वास यांचा आहे. त्यात धूळ, धूर, वारा, थंड जागा, थंड पाणी, अतिश्रम अशी निमित्ते दिली आहेत. तमक श्वास म्हणजे आपला नेहमीचा दमा ढगाळ हवेत, थंडीत आणि पूर्वेच्या वाऱ्यात वाढतो असे सांगितले आहे. रुग्णाला आडवे झाल्यावर त्रास होतो आणि उठून बसल्यावर बरे वाटते, हेही आहे. ज्याने हे लिहिले त्याने रुग्णाच्या खाटेशी रात्री काढल्या असणार. पूर्वेचा वारा लक्षात ठेवावा, त्याच्याशी पुढे काम आहे.

युरोपातली प्रसिद्ध गोष्ट १५५२ ची. स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दम्याने इतके गांजले, की त्यांनी इटलीहून जिरोलामो कार्दानो या वैद्य-गणितज्ञाला एडिंबराला बोलावून घेतले. कार्दानोने बरीच पथ्ये सांगितली. त्यांतले एक असे, की पिसांची गादी काढून टाका आणि न कातलेल्या रेशमाची वापरा. आर्चबिशपना आराम पडला. (पुढे १५७१ मध्ये ते फासावर गेले, ते राजकारणापायी.) त्यानंतर जॉन फ्लॉयर. इंग्लंडातल्या लिचफील्डचा हा वैद्य स्वतः दमेकरी. १६९८ मध्ये त्याने दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नाडी मोजण्यासाठी मिनिटाचे घड्याळ वापरणारा तो हाच. मोजण्याची खोड त्याने स्वतःच्या दम्यालाही लावली. ऑक्सफर्डला शिकत असताना बारा वर्षे त्याचा दमा जवळजवळ गप्प होता आणि स्टॅफर्डशायरला घरी आले की उठत होता, हे त्याने टिपून ठेवले. दीडशे वर्षांनी, १८६० मध्ये, लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टरने लिहिलेला दम्यावरचा ग्रंथ मला या सगळ्यांत वाचनीय वाटतो. सॉल्टरही दमेकरी होता. मांजर जवळ आले की त्याला धाप लागे आणि ते त्याने बारकाईने लिहिले आहे. खेड्याच्या स्वच्छ हवेत ज्यांना त्रास होतो अशा काहींना लंडनच्या धुरकट वस्तीत बरे वाटते, हेही त्याने नमूद केले. आज ते वाचून नवल वाटते. पण गवताचे पराग, जनावरे आणि पेंढा यांपासून ती माणसे शहरात लांब पडत असतील, असे मानले म्हणजे कोडे बरेच सुटते.

ही सारी माणसे चतुर होती यात शंका नाही. पण त्यांच्यात आणखी एक समान गोष्ट आहे, ती ग्रंथकार सहसा सांगत नाहीत. त्या सर्वांना हलता येत होते. आर्चबिशपला गादी बदलता आली, फ्लॉयरला दोन गावांची तुलना करता आली, सॉल्टरला मांजर खोलीबाहेर काढता आले. निमित्त ओळखायचे तर आधी काही काळ त्याच्यावाचून राहून पाहावे लागते. ज्याला ती मोकळीक नाही, त्याचा त्रास अखंड असतो आणि अखंड त्रासाला निमित्त दिसत नाही. तो नुसता ‘प्रकृतीने अधू’ ठरतो.

अशा माणसांकडे पाहणारा एक जण इटलीत होऊन गेला. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी. १७०० मध्ये त्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात धान्य चाळणाऱ्यांवर आणि मोजणाऱ्यांवर एक प्रकरण आहे. धान्याच्या धुळीने त्यांचा घसा आणि फुप्फुसे भरतात, डोळे चुरचुरतात, त्यांना धाप लागते. मी ते प्रकरण इंग्रजी भाषांतरात वाचले तेव्हा ‘धान्य मोजणारा’ या शब्दापाशी थांबलो. आमच्या बाजारात त्याला मापाडी म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या पुस्तकात आपल्या आडतीवरचा मापाडी भेटेल असे वाटले नव्हते.

मुंबईच्या गिरण्यांत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पुढे आला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दुसऱ्या दिवसापासून कमी होते. म्हणजे तो सोमवारचा आजार. लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी या विकाराच्या पायऱ्या पाडल्या, त्या जवळजवळ कॅलेंडरवरूनच. आधी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग सोमवारी आणि इतर दिवशीही, आणि शेवटी कायमची धाप. सगळ्यांत जास्त धूळ ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात, जिथे कापूस फोडून पिंजला जातो. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणीकामगारांच्या फुप्फुसांचे अभ्यास केले ते शिलिंग यांच्यानंतर.

आता यातली मेख पाहा. सोमवारचा आजार दिसायला आधी रविवार लागतो. मुंबईच्या गिरण्यांत ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे यांनी ती मागितली विश्रांतीसाठी आणि समाजकार्याला वेळ मिळावा म्हणून. छातीचे आवळणे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. पण त्या सुट्टीने कामगाराच्या आठवड्यात एक बिनधुळीचा दिवस आला, आणि त्या कोऱ्या दिवसाशेजारी सोमवार उठून दिसण्याची सोय झाली. हे माझे अनुमान आहे, वैद्यकाच्या पुस्तकात ते सापडणार नाही. हिशेबात मात्र हे नेहमीचेच: एका रकान्यात शून्य असल्याशिवाय दुसऱ्यातल्या आकड्याला अर्थ येत नाही.

अर्थात सोमवार ओळखता आला म्हणून तो टाळता आला असे नाही. कार्डिंग खात्यातल्या माणसाने सोमवारी घरी राहायचे म्हटले तर मंगळवारी त्याची जागा भरलेली असे.

बार्सिलोनाला परत जाऊ. तिथे कोरे दिवस भरपूर होते, साथीचे दिवस मोजके. पहिला संशय शहराच्या धुरावर गेला, विशेषतः नायट्रोजन डायऑक्साइडवर. ते स्वाभाविक होते. पण गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर रोजचाच, आणि साथ मात्र अचानक उठून एका दिवसात निवणारी. ज्यांना झटका आला ते त्या वेळी शहरात कुठे होते हे नकाशावर मांडले तेव्हा ठिपके बंदराच्या आसपास गोळा झाले. ज़ुज़ेप मारिया आन्तो आणि जॉर्डी सुन्येर यांच्या चमूने मग बंदराच्या नोंदी मागवल्या. १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत कोणत्या दिवशी कोणत्या जहाजातून कोणता माल उतरला याची ती यादी होती. मालाचे प्रकार होते सव्वीस. साथी सव्वीस आणि माल सव्वीस हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

त्या दोन वर्षांत साथीचे दिवस तेरा. तेराही दिवशी बंदरात एक माल उतरत होता: सोयाबीन. इतर पंचवीसांपैकी फक्त गव्हाचा थोडा संबंध दिसला, पण सोयाबीनचा हिशेब वजा केल्यावर तोही मोजण्याजोगा उरला नाही. इथे घाईने निकाल देण्याचा मोह झाला असता. त्यांनी तो आवरला, कारण उलट बाजूने हिशेब जुळत नव्हता. सोयाबीन उतरले आणि साथ आली नाही असेही दिवस होते. तेव्हा तिसरी वही उघडली, हवामानाची. साथीच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब जास्त होता आणि वारा मंद, आग्नेय ते नैर्ऋत्य दिशेकडून, म्हणजे बंदरावरून शहराकडे वाहणारा. माल आणि वारा दोन्ही जुळले की शहराला धाप लागत होती. शहरातल्या हवेतून गोळा केलेल्या धुळीत सूक्ष्मदर्शकाखाली जे कण दिसले ते हुबेहूब सोयाबीनच्या टरफलाचे आणि पिठाचे होते. साथीत सापडलेल्यांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची ॲलर्जीची प्रतिद्रव्ये सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत मिळाली. दम्याच्या ज्या रुग्णांना इतर दिवशी झटका आला होता, त्यांच्यात ते प्रमाण विसात एकाहून कमी. दोष बी फोडून निघणाऱ्या तेलाचा किंवा पेंडीचा नव्हता. टरफलातल्या एका प्रथिनाचा होता.

मग बंदरातच शोध घेतल्यावर शेवटची गोष्ट कळली. धान्य साठवण्याच्या उंच कोठारांपैकी एकाच्या माथ्यावर धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांचे फिल्टर नव्हते. यंत्राने दाणे वरून ओतले जात तेव्हा उठलेला फुफाटा तिथून सरळ आकाशात जाई. १९८७ मध्ये फिल्टर बसवले आणि ही साथींची मालिका थांबली.

हा शेवट मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. सहा-सात वर्षे ज्यांचे प्राण कंठाशी येत होते त्यांतल्या कोणालाही आपले निमित्त ओळखणे शक्य नव्हते. कोणी किती काटेकोर डायरी ठेवली असती तरी तिच्यात काय लिहिले असते? जेवणात काय होते, अंथरूण झाडले का, कोणाशी भांडण झाले. बंदरात कोणते जहाज लागले आहे हे कोणी लिहिले नसते. फ्लॉयर आणि सॉल्टर यांची पद्धत इथे लंगडी पडते. आणि टाळण्याचे म्हणाल तर, रुग्णांनी खिडक्या लावून घेतल्या किंवा गाव बदलले म्हणून हा प्रश्न सुटला नाही. कोठारावर कापड बसले म्हणून सुटला. एकाच्या हातून झाले आणि हजारोंचे टळले.

बार्सिलोनाच्या शोधानंतर अमेरिकेतले एक जुने कोडेही हलले. न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात १९५० च्या दशकापासून दम्याच्या अशाच लाटा येत. चॅरिटी हॉस्पिटलमध्ये एकाएकी गर्दी होई. कचरा जाळण्यापासून पिठाच्या गिरण्यांपर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. १९९७ मध्ये जुन्या नोंदी काढून पुन्हा ताळा केला गेला आणि १९५७ ते १९६८ मधल्या साथींचा संबंध बंदरातल्या सोयाबीनच्या जहाजांशी लागला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कागद कोणी रद्दीत घातले नव्हते म्हणून हे जमले, असे मला आपले वाटते.

अपराधी माझ्या ओळखीचा, असे वर म्हटले ते एव्हाना ध्यानात आले असेल. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन हे आज खरिपाचे मुख्य नगदी पीक आहे, आणि लातूरची बाजारपेठ त्यासाठी ओळखली जाते. दसऱ्याच्या सुमारास काढणी होते, रानारानांत मळणीयंत्रे लागतात, आणि दिवाळीपर्यंत आवक टिपेला पोचते. पोती मोकळी होतात, ढीग लागतो, चाळणी चालते, पुन्हा पोती भरतात. ऊन कलले की बाजारावर फिकट पिवळी धूळ तरंगताना दिसते. हमाल तोंडाला उपरणे बांधतात. ही धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात शेंगांचा भुसा आहे, पानांचा चुरा आहे आणि टरफल आहे.

एका मापाड्याशी माझा वीसेक वर्षांचा परिचय. दर हंगामात त्याला धाप लागते, होळीपर्यंत बरे वाटते. त्याला मी सल्ल्याबद्दल विचारले, तर म्हणाला, “धुळीपासून लांब ऱ्हा म्हनले डॉक्टर. आता मी मापाडी हाय. लांब ऱ्हायलो तर माप कोन घालील, अन् घरी काय न्हेऊ?” डॉक्टरांचे काही चुकले नाही. तेवढाच सल्ला त्यांच्या हातात होता. त्याचा पंप वेळेवर चालू असतो, तोही त्यांच्यामुळेच.

पण या मापाड्याला सोयाबीनचीच बाधा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बार्सिलोनाकरांचा संयम इथे आठवावा. दिवाळीचा पंधरवडा म्हणजे निमित्तांची जत्रा. घराची झाडलोट, माळ्यावरची जुनी धूळ, ताजा रंग, तळणाचा धूर, पहाटेची थंडी, डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण साधारण शंभर सिगारेटींइतके भरतात असे मोजले गेले आहे. आणि वर फटाके. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६ मध्ये सहा प्रकारचे फटाके जाळून हवेतले सूक्ष्म कण मोजले. सर्वांत जास्त निघाले ते नागगोळीतून. जी आवाज करत नाही आणि म्हणूनच लहान मुलांच्या हाती सगळ्यात आधी दिली जाते, तीच. हे सगळे एकाच पंधरवड्यात येते. दसऱ्यानंतर मराठवाड्यात वाराही पूर्वेचा होऊ लागतो, चरकाने सांगितलेला. मापाड्याच्या त्या दिवसांत कोरा रकाना म्हणून नाहीच. रविवार नाही. मग धाप लागली की घरचे म्हणतात तेलकट खाल्ले, शेजारी म्हणतात हवा बदलली, आणि तो स्वतः म्हणतो वय झाले.

तरीही कोरे दिवस अगदीच नाहीत असे नाही, शोधले तर सापडतात. लक्ष्मीपूजनानंतर बाजार काही दिवस बंद राहतो. भाव पडले की शेतकरी माल घरी ठेवतात आणि आवक ओसरते. अवकाळी पाऊस आला की सौदे थांबतात आणि धूळ बसते. शिवाय बंदराची वही बार्सिलोनाकरांना मागवावी लागली, इथे आवकेचे आकडे रोज फळ्यावर लागतात आणि वर्तमानपत्रात येतात. सरकारी रुग्णालयात तातडीच्या रुग्णांची नोंद तारीखवार होते. वाऱ्याची दिशा हवामान खाते देते. तिन्ही वह्या आहेत, त्या एका टेबलावर आलेल्या नाहीत इतकेच. हे काम माझ्यासारख्याचे नव्हे, त्याला वैद्यकीय महाविद्यालय हवे, परवानग्या हव्यात, रुग्णांची नावे झाकण्याची शिस्त हवी.

चाळणीचे मात्र बोलता येते. मोकळ्यावर चालणाऱ्या चाळणीची धूळ कुठे जाते हे वाऱ्यावर अवलंबून असते, आणि माप घालणारा तिच्या कोणत्या अंगाला बसतो हे फक्त सवयीवर. आमच्या दुकानासमोर काटा वर्षानुवर्षे चाळणीच्या पश्चिमेला होता, म्हणजे पूर्वेचा वारा सुटला की सगळा फुफाटा मापाड्याच्या तोंडावर. गेल्या हंगामात मालकांशी बोलून तो पूर्वेला हलवला. हमालांना दहा पावले जास्त पडतात म्हणून ते आधी कुरकुरले. चाळणीवर कापडी पिशवी बसवायला किती खर्च येईल हे मी एका यंत्रवाल्याला विचारून ठेवले आहे. त्याचा आकडा पोत्यामागे विभागला तर एका हंगामात पैशांतच येतो.

यंदाची पहिली आवक घटस्थापनेच्या आधीच सुरू झाली. त्याच दिवशी एक नवी वही काढली आणि तिला तीन रकाने पाडले: आवक किती, वारा कुठला, आणि मापाड्याला रात्री झोप लागली की नाही.